शोधणाऱ्यांचा दगड

परवा सकाळी स्वयंपाकघराची खिडकी उघडली आणि नाकाला तो वास आला. आधी वाटलं, शेजारी कुणाची तरी भाजी करपली. आपला गॅस बघितला, तो बंद. मग समोर बघितलं. समोरच्या ब्लॉकच्या, म्हणजे इमारतीच्या, भिंतीवर पुरुषभर उंचीचा आकडा रंगवलेला आहे, एरवी मला चष्म्याशिवाय दिसतो. परवा तो पाणी घातलेल्या ताकासारखा झाला होता. म्हटलं, आला बाई धूर.

इथे त्याला हेझ म्हणतात. समुद्रापलीकडच्या बेटांवर रानं पेटतात, त्यांचा धूर वाऱ्यावर बसून येतो आणि आमच्या यिशुन वस्तीतल्या अकराव्या मजल्यावर न विचारता मुक्काम ठोकतो. दर वर्षी येतोच असं नाही. आला तरी कधी दोन दिवसांत जातो, कधी जावयासारखा महिना-महिना हलत नाही. मी मुलाकडे सिंगापूरला आले तेव्हा पहिलं वर्षभर माझी एकच तक्रार होती, की या गावाला ऋतूच नाहीत. बारा महिने तोच घाम, तीच दुपारची सर. आता असं म्हणत नाही. इथे परीक्षांचा ऋतू असतो, तेव्हा लिफ्टमध्ये पोरं भिंतीकडे तोंड करून पाठांतर करतात. दुरियन फळाचा ऋतू असतो, तेव्हा मी नाकाला पदर लावून बाजार करते. आणि तिसरा हा, धुराचा.

माझी नात ईरा फोनवर बघून सांगायची, "आजी, पीएसआय वाढला." आपल्याकडे पीएसआय म्हणजे फौजदार. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी पदर सावरून दाराकडे बघितलं होतं, की हा कशाला आला आपल्याकडे. मंदार, माझा मुलगा, हसत सुटला. म्हणाला, "आई, ते हवेतल्या धुराचं माप आहे." मी म्हटलं, "मग फौजदारच की. सगळ्यांना दारं लावून घरात बसवतो."

तर परवा मी खिडकीशी उभी, आणि मागून हे आले. हे म्हणजे आमचे हे. आमच्या पिढीत बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, घेतलं तर उखाण्यात, तेही चार बायकांनी दार अडवलं तरच. तेव्हा इथेही मी ते लिहायची नाही, तुम्ही समजून घ्या. यांनी नाक वर करून वास घेतला आणि म्हणाले, "राब भाजताहेत वाटतं." आमच्या जुन्नरच्या बाजूला पावसाआधी भाताच्या रोपांसाठी जमीन भाजतात, त्याला राब म्हणतात. मी म्हटलं, "हो, राबच." आता मी त्यांची चूक दुरुस्त करत नाही. पाच हजार किलोमीटर इकडे की तिकडे, वास तर तोच आहे ना.

पण त्या वासाबरोबर मला चार वर्षांपूर्वीचा धूर आठवला, आणि त्याच वर्षीचा ऑस्ट्रेलियातला तो दगड. दोन्ही आठवणी माझ्या मनात एकाच गाठोड्यात बांधलेल्या आहेत. एक सोडली की दुसरी बाहेर पडते.

आमच्या यांची सगळी नोकरी जमीन मोजण्यात गेली. सरकारी नाव भूकरमापक, लोक म्हणायचे मोजणीदार. खांद्यावर साखळी घेतलेला शिपाई पुढे, हे मागे, आणि बांधावर भांडणारे दोन भाऊ दोन बाजूंना. चालणं हाच त्यांचा धंदा आणि चालणं हीच करमणूक. घरी आले तरी बसून चहा प्यायचे नाहीत, कपबशी हातात धरून अंगणात फेऱ्या मारायचे. माझी सासू म्हणायची, "याला खुंटीला बांधलं तर हा खुंटी घेऊन चालेल."

मोजणीचा त्यांचा एक नियम होता. नव्या लग्नात दुसरं काही बोलायला नव्हतं म्हणून त्यांनी मला तो सांगितलेला. मोजता मोजता आकडा जुळेना झाला, तर पुढे रेटायचं नाही. उगाच इकडेतिकडे भटकायचं नाही. ज्या हद्दीच्या दगडाबद्दल शंभर टक्के खात्री आहे, त्या शेवटच्या दगडाशी परत यायचं, तिथे बसायचं, माणसं गोळा होऊ द्यायची आणि मग पुन्हा सुरू करायचं. मी म्हटलं होतं, आमच्याकडे चकवा लागल्यावर हेच सांगतात. रानात वाट चुकून गोल गोल फिरायला लागलो की पाय थांबवायचे, बसायचं. चकवा चालणाऱ्याला लागतो, बसलेल्याला नाही. ते हसले होते. म्हणाले, "तुझा चकवा आणि माझं खातं एकाच गावचं."

त्या वर्षी जूनच्या सुट्टीत मंदारनं आम्हाला ऑस्ट्रेलियात नेलं. सून कल्याणीला समुद्र बघायचा होता, ईराला कांगारू, आणि यांना कुणीतरी सांगितलं होतं की तिथे मोकळी जमीन फार. म्हणून दोन दिवस गाडी आतल्या बाजूला घेतली. काय ती जमीन. लाल, कोरडी, मिरची कुटून पसरल्यासारखी. रस्ता इतका सरळ की मंदारला झोप येईल या भीतीनं मी त्याला सारखा चिवडा देत होते. हे मात्र काचेला नाक लावून बसलेले. मधेच म्हणाले, "एवढ्या जमिनीत बांधावरून एक भांडण नाही. काय उपयोग."

एका लहानशा गावाशी पेट्रोलला थांबलो. गाव म्हणजे एक पंप, चार घरं आणि रस्त्याच्या कडेला दगडी खांब. खांबाला पाटी. ईरानं ती वाचून आम्हाला सांगितलं. फार पूर्वी काही लोक या देशाच्या मधोमधून आरपार जायला निघाले, ते परतलेच नाहीत. त्यांना शोधायला दुसरे लोक निघाले, ते या वाटेनं गेले, म्हणून हा खांब.

यांनी विचारलं, "सापडले का ते?"

"नो लाह, आजोबा. यांना नाही सापडले."

"मग दगड कुणाचा?"

ईरानं पाटी पुन्हा बघितली. "शोधणाऱ्यांचा."

मला ते फार नवल वाटलं. आपल्याकडे वीरगळ असतात, लढाईत पडलेल्याचा दगड. सतीचा दगड असतो. पण नुसतं शोधलं, हाती काही लागलं नाही, रिकाम्या हातानं परत आले, आणि तरी त्यांच्या नावानं दगड. मंदार म्हणाला, "आई, त्यांनी शोधता शोधता पाणी कुठे आहे, वाटा कुठे आहेत ते सगळं लिहून ठेवलं. नकाशे त्यातून झाले." मी म्हटलं, "तिथले मूळचे लोक असतीलच की, त्यांना पाणी माहीत नव्हतं होय?" मंदार म्हणाला, "होतं. पण या शोधणाऱ्यांना आधी विचारायचं सुचलं नाही." असं असतं खरं.

आमच्या घाटातल्या खिंडीत दगडांची रास असते. येणाऱ्याजाणाऱ्यानं तिच्यात एक दगड टाकायचा, म्हणजे वाट सुखाची होते. मी सवयीनं एक लाल खडा उचलला आणि खांबाच्या पायाशी ठेवला. ईरा घाबरली. "आजी, कॅनॉट. मॉन्युमेंट आहे ते." मी म्हटलं, "अगं, त्यांचाच दगड त्यांनाच देतेय, काय बिघडलं?"

आणि तेव्हाच यांनी खांबावर पंजा ठेवला, बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा, आणि मंदारकडे वळून म्हणाले, "साखळीवाला कुठे गेला? उन्हं चढायच्या आत ही बाजू संपवायची."

मंदार माझ्याकडे बघत राहिला, मी त्याच्याकडे. घरात चष्मा फ्रिजमध्ये ठेवणं, मिठाच्या जागी साखर, हे चालू होतं, त्यावर आम्ही हसतही होतो. त्या दिवशी कुणी हसलं नाही. कल्याणी तेवढी शहाणी. ती पुढे झाली, त्यांचा हात धरला आणि म्हणाली, "बाबा, साखळीवाला जेवायला गेलाय. आपणही जेवू." ते लगेच आले. पुढे सिंगापुरात डॉक्टरांनी त्या आजाराचं नाव सांगितलं. यांचं नाव मी घेत नाही तसं त्याचंही घेत नाही.

मग सप्टेंबरात धूर आला. असा धूर मी त्याआधी आणि नंतर बघितला नाही. सूर्य उकडलेल्या बीटासारखा. एक दिवस तर शाळांनाही धुराची सुट्टी मिळाली. मंदार आणि कल्याणी ऑफिसला, घरी मी, ईरा आणि हे. यांना बजावलं होतं, आज खाली जायचं नाही. रोज सकाळी ते तळ्याकडे चक्कर मारायचे, तेवढं त्यांना जमत होतं. समोरच्या भिंतीवरचा तो मोठा आकडा, कोपऱ्यावरच्या देवळाचं हिरवं छप्पर, अशा खुणा धरून जायचे आणि खुणा धरून यायचे. मी पोळ्या लाटत होते, ईरा अभ्यासाला बसलेली. तवा उतरवून बाहेर आले तर खुर्ची रिकामी, चपला नाहीत आणि जाळीचं दार अर्धं उघडं.

खाली गेले तर काही दिसेना. धुरानं खुणाच पुसलेल्या. आकडा नाही, हिरवं छप्पर नाही. खुणांवर चालणारा माणूस, त्याच्या पायाखालून कुणी नकाशा ओढून घ्यावा तसं. ईरानं बापाला फोन लावला, पोलिसांनाही कळवलं. मी मात्र ब्लॉकच्या खाली उभी राहून हाका मारायला लागले. काय हाक मारणार? उभ्या संसारात जी मारली तीच. "अहो. अहोऽऽ."

सातव्या मजल्यावरच्या लिम आंटी भाजीची पिशवी घेऊन आल्या. पाच वर्षं लिफ्टमध्ये आम्ही एकमेकींना नुसती मान हलवत होतो. त्यांना वाटायचं मला चिनी येत नाही, मला वाटायचं त्यांना हिंदी येत नाही, आणि दोघींचंही बरोबर होतं. त्यांनी विचारलं, "आंटी, हू यू लुकिंग?"

मी म्हटलं, "माय हजबंड. लॉस्ट."

"हिज नेम अहो, इज इट?"

आता त्या वेळी मी काय समजावणार? खरं नाव ओठाशी आलं आणि तिथेच थिजलं. मी नुसती मान हलवली. झालं. लिम आंटींनी पिशवी टपालपेट्यांवर ठेवली, मास्क वर ओढला आणि धुरात शिरल्या. "आहोऽऽ. अंकल आहोऽऽ." पहिल्या मजल्यावरची हमीदा बाळाची गाडी घेऊन दुसऱ्या बाजूला निघाली. तिनं कॉफीवाल्याला सांगितलं, त्यानं त्याच्या टेबलांवरच्या म्हाताऱ्यांना. थोड्या वेळानं चारी बाजूंच्या धुरातून, चिनी गळ्यातून, मलय गळ्यातून, कुठून एका तमिळ गळ्यातून हाका येत होत्या. अहो. आहो. अंकल अहो. सबंध यिशुन माझ्या नवऱ्याला अहो म्हणत होतं. जीव टांगणीला लागलेला असतानाही मनाच्या एका कोपऱ्यात वाटलं, ज्या शब्दावर इतकी वर्षं माझी एकटीची मालकी होती, तो आज गावजेवणाला वाढला.

ईरा माझा हात धरून होती. ती म्हणाली, "आजी, आजोबा एकटे असतील तर काय करतील?"

आणि तिच्या त्या प्रश्नानं मी भानावर आले. इतका वेळ मी धूर बघत होते, माणूस बघतच नव्हते. काय करतील? आकडा जुळेना झाला तर हे काय करतात? मी म्हटलं, "ईरा, इथे दगड कुठे आहेत गं?"

"दगड? व्हॉट दगड?"

"रोवलेला. हद्दीचा असतो तसा."

ती थांबली. मग म्हणाली, "ट्रॅकवर आहेत. रनिंगवाले. त्यावर नंबर असतो."

तळ्याकाठच्या वाटेवर किती अंतर झालं ते सांगणारे गुडघाभर उंचीचे दगड आहेत. मी रोज त्यांच्यावरून नजर फिरवत होते, पण बघितले नव्हते. आम्ही तिकडे निघालो. पहिल्या दगडाशी कुणी नाही. दुसऱ्याशी एक मांजर. तिसरा तळ्याच्या वळणावर, तिथे धूर इतका दाट की पाणी कुठे संपतं आणि वाट कुठे लागते ते कळेना. तिथे मला पांढरं काही दिसलं, शर्टासारखं. आणि मी कधी जे केलं नाही ते केलं. नावानं हाक मारली. पूर्ण नाव, आडनावासकट.

पांढरा शर्ट उठून उभा राहिला. कॉलरचं बटण लावलं, केसांवरून हात फिरवला आणि समोर धुरात बघत ताठ उभा राहिला. माझ्याकडे बघेचना. मी जवळ गेले. "अहो," म्हटलं.

"ओ," म्हणाले. मग हळूच म्हणाले, "जरा थांब. आत्ता कुणीतरी नावानं हाक मारली. मोठे साहेब आलेत वाटतं."

तेवढ्यात तळ्याच्या पलीकडून लिम आंटींची हाक आली, "आहोऽऽ." यांनी चमकून माझ्याकडे बघितलं. "ही बाई कोण? मला अहो म्हणतेय."

मी मटकन त्या दगडावर बसले आणि हसायला लागले, आणि हसता हसता माझं सगळं तोंड ओलं झालं. ईरानं आजोबांच्या कमरेला मिठी मारली. ते म्हणाले, "अगं, रडता काय? बाकी काही दिसेना, म्हणून खात्रीच्या दगडावर येऊन बसलो. माणसं गोळा व्हायची वाट बघत होतो. झाली का गोळा?"

झाली होती. एकेक करून धुरातून येत होती. मास्क लावलेली, घामेजलेली, कुणी चपला घालून, कुणी हातात कॉफीचा पेला घेऊन. हमीदाचं बाळ गाडीत झोपी गेलेलं.

संध्याकाळी मंदार आला तो कुलूप घेऊनच. त्याचं चुकलं असं मी म्हणत नाही, पोराचा चेहरा दिवसभरात उतरला होता. म्हणाला, "आई, उद्यापासून जाळीला कुलूप. किल्ली तुझ्याकडे." मी म्हटलं, "अरे, चालणं काढून घेतलंस तर त्यांच्यात राहील काय?" तो म्हणाला, "आज सापडले. पुढच्या वेळी?" कुलूप लागलं. हे दाराशी गेले, कुलूप हातात घेऊन बघितलं, परत आले. हॉलमध्ये भिंतीपासून भिंतीपर्यंत चालू लागले. दुसऱ्या दिवशी कमी चालले, तिसऱ्या दिवशी बसूनच राहिले. जेवण पुढे ठेवलं तर म्हणाले, "मोजणी बंद केली का सरकारनं?" मला ते बघवेना.

चौथ्या दिवशी लिम आंटी जाळीशी उभ्या. हातात पपई. "व्हेअर अहो? नेव्हर कम डाउन?" मी कुलूप दाखवलं. त्या रागावल्याच. "लॉक फॉर व्हॉट? एव्हरीबडी नो हिम ऑलरेडी. ही वॉक, वी सी." माझं इंग्रजी कोथिंबीर आणण्यापुरतं, पण हे मला अक्षर न् अक्षर कळलं.

मंदार त्या संध्याकाळी नेहमीपेक्षा उशिरा घरात आला. नंतर कल्याणीनं मला सांगितलं, त्याला एमआरटी रेल्वेच्या स्टेशनपासून घरापर्यंत यायला वेळ लागला, कारण वाटेत त्याला लोक थांबवत होते. कॉफीवाल्यानं विचारलं, अंकल अहो बरे आहेत का. फळवालीनं विचारलं. लिफ्टमध्ये ज्याच्याशी तो कधी बोलला नव्हता, त्या माणसानं विचारलं. मंदारनं बूट काढले, माझ्याकडून किल्ली घेऊन कुलूप काढलं आणि ते हत्यारांच्या डब्यात टाकलं. मग म्हणाला, "बाबा, उद्यापासून मोजणी सुरू." ईरानं यांच्या सगळ्या शर्टांच्या कॉलरला आतून आमचा फोन नंबर लिहिला, धोबी खूण करतो तसा.

तेव्हापासून मला त्या लाल मातीतल्या खांबाचं कोडं उलगडायला लागलं. पाच वर्षं मी यिशुनमध्ये राहत होते म्हणजे काय, तर अकराव्या मजल्यावर राहत होते. एका माणसाला शोधायला खाली उतरले आणि गाव कळलं. हमीदाच्या बाळाचं नाव कळलं. लिम आंटींचे वडीलही शेवटी असेच वाट विसरायचे, हे कळलं. शोधणाऱ्याच्या हाती काही लागत नाही असं नसतं. जे शोधायला जातो ते लागेल न लागेल, पण वाटेवरचं पाणी सापडतं.

घटस्थापनेच्या सकाळी मी तळ्यावर गेले आणि त्या दगडाला हळदकुंकवाचं बोट लावलं. मंदार म्हणाला, "आई, ती सरकारी मालमत्ता आहे." मी म्हटलं, "हद्दीचा दगडही सरकारीच असतो, त्यालाही लोक शेंदूर लावतात." दोन दिवसांनी बघितलं तर दगडापुढे एक संत्रं. कुंकू बघून कुणाला तरी वाटलं असणार, इथे देव आहे. मग दोन संत्री, एक उदबत्ती. मग सफाईवाला आला आणि त्यानं सगळं धुऊन स्वच्छ केलं, त्याचंही बरोबर. मी पुढच्या वर्षी पुन्हा बोट लावलं. संत्रं पुन्हा आलं.

चार वर्षं झाली. यांचं बरंच काही गेलं. मंदारला ते कधी साहेब म्हणतात, कधी साखळीवाला. ईरा आता माझ्यापेक्षा उंच झाली, तिला ते ओळखत नाहीत, पण तिचा हात धरून चालतात. माझं नाव त्यांना आठवत नाही. मला त्याचं फारसं वाईट वाटत नाही, ते कधी घेत होते? रोज सकाळी उठले की कुठल्या तरी रानात असतात. मी हाक मारते, "अहो." कधी लगेच, कधी चहा गार होईपर्यंत वाट बघावी लागते, पण "ओ" येते. तेवढ्यावर दिवस चालतो. चांगला चालतो.

परवा धूर फार नव्हता. ईरानं फोन बघून सांगितलं, फौजदार अजून लांब आहे. मग मास्क लावून आम्ही दोघं खाली उतरलो. लिम आंटी खालच्या बाकावर होत्या. "अहो, ईट ऑलरेडी?" यांनी मान हलवली, म्हणाले, "ओ." आम्ही तळ्याच्या वळणापर्यंत गेलो. त्यांनी दगडावर पंजा ठेवला, तसाच, बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा. मग मला विचारलं, "कुणाचा गं हा दगड?"

"शोधणाऱ्यांचा," मी म्हटलं.

"मग? सापडला का तो?"

"सापडला की."

"बरं झालं," म्हणाले, आणि पुढे चालू लागले.